सुई टोचण्याआधीचा प्रश्न

बेळगावात हल्ली दवाखान्याचा विषय निघाला की पाठोपाठ एआयचा निघतो, आणि लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, आता थेंबभर रक्त आणि एक स्कॅन पुरे, बाकीचं कॉम्प्युटर सांगेल. पन्नाशीपुढच्या प्रत्येक पुरुषाची प्रोस्टेटची तपासणी करून टाका, म्हणजे एकही कॅन्सर सुटायचा नाही. दुसरा तट म्हणतो, सरकारी दवाखान्यात खाट मिळेना आणि यांना एआय सुचतंय. हा सगळा मोठ्या दवाखान्यांचा धंदा आहे. हा वाद मी व्याख्यानांनंतरच्या प्रश्नोत्तरांत ऐकला, वाचकांच्या पत्रांत वाचला आणि लग्नाच्या पंगतीतही ऐकला. दोन्ही बाजू मनापासून बोलतात, पण दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते: हे तंत्र म्हणजे जास्तीत जास्त कॅन्सर शोधून काढायचं साधन. गफलत होते ती तिथेच. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये चांगला एमआरआय आणि तो वाचायला मदत करणारी एआय यांची खरी किंमत वेगळ्या कामात आहे. ज्यांना सुई, ऑपरेशन, किरणं यांतल्या कशाचीच गरज नाही अशा माणसांना वेळीच ओळखून बाजूला काढायचं, म्हणजे ज्यांना खरोखर उपचार हवेत त्यांच्याकडे वेळ, पैसा आणि डॉक्टरांचं लक्ष जाईल, हे ते काम. त्यासाठी ही साधनं आपल्या सीमाभागात यावीत, सार्वजनिक पैशाने यावीत, आणि त्यांचं यश सापडलेल्या कॅन्सरवर न मोजता टळलेल्या बायोप्सींवर, म्हणजे सुई टोचून ग्रंथीचे तुकडे काढायच्या तपासण्यांवर, आणि वाचलेल्या दिवसांवर मोजावं, असं माझं ठाम मत आहे.

या आजाराचा स्वभाव ध्यानात घेतल्याशिवाय हे पटणार नाही. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली छोटी ग्रंथी. वय वाढतं तशी ती बहुतेकांची वाढते, लघवीची धार बारीक होते, रात्री चार वेळा उठावं लागतं. हे वाढणं म्हणजे कॅन्सर नव्हे. संशय घ्यायला डॉक्टरांच्या हाताशी असते ती पीएसए नावाची रक्ततपासणी. अमेरिकेत तिला १९८६ मध्ये मान्यता मिळाली ती आधीच कॅन्सर झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवण्यासाठी. निदानाला मदत म्हणून ती वापरायची परवानगी १९९४ मध्ये आली. पीएसए कॅन्सरने वाढतं, तसंच साध्या वाढीने वाढतं, जंतुसंसर्गाने वाढतं, आणि लघवी अडली म्हणून नळी घातली तरी वाढतं.

माझे थोरले मामा खानापूर तालुक्यातले. लघवी तुंबली म्हणून त्यांना रात्री एका खासगी दवाखान्यात नेलं, नळी घातली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच नळीसकट पीएसएसाठी रक्त काढलं. रिपोर्टवर आकडा ठळक, त्याच्या शेजारी वर जाणारा बाण, आणि खाली पेनने लिहिलेला एकच शब्द: बायोप्सी. नळीमुळे आकडा चढला असेल, संसर्ग आधी बरा करून काही आठवड्यांनी पुन्हा बघू, हे कुणी बोललं नाही. मामांनी मला विचारलं, "बारा ठिकाणी टोचायचं म्हणायलेत. काय निघालं न्हाई तर टोचल्यालं परत घेतात काय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या एका डॉक्टरांनी थांबायला सांगितलं, आणि नळी निघून संसर्ग गेल्यावर आकडा खाली आला. पण त्या मधल्या आठवड्यांत घरातल्या सगळ्यांनी मामांना कॅन्सर झाल्याचं मनोमन धरलं होतं, आणि शेताचा एक तुकडा विकायची बोलणी सुरू झाली होती.

मामांचा प्रश्न वैद्यकशास्त्राने गेली तीस वर्षं स्वतःलाच विचारला आहे. युरोपातल्या मोठ्या पाहणीचे पहिले निष्कर्ष २००९ मध्ये आले तेव्हा हिशेब असा होता: एका पुरुषाचा प्रोस्टेट कॅन्सरने होणारा मृत्यू टाळायचा तर १,४१० जणांची तपासणी करावी लागते आणि ४८ जास्तीच्या माणसांवर उपचार करावे लागतात. त्या ४८ पैकी बाकीच्यांना काय मिळालं? कुणाला लघवीवरचा ताबा गेल्याचा त्रास, कुणाला लैंगिक दुबळेपण, आणि सगळ्यांना कॅन्सर रुग्ण म्हणून जगणं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने तर सरसकट पीएसए तपासणी करूच नका असं सांगितलं; २०१८ मध्ये ती थोडी मागे आली आणि ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावं असं म्हणाली. तपासणीच्या बाजूनेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की त्याच युरोपीय पाहणीचा २३ वर्षांचा हिशेब २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो बराच बरा निघाला: ४५६ जणांना तपासणीला बोलावलं तर एक मृत्यू टळतो. म्हणजे तपासणी निरुपयोगी नाही. ती बोथट आहे. ब्रिटनमध्ये १,६४३ रुग्णांचे तीन गट करून एका गटाचं ऑपरेशन केलं, दुसऱ्याला किरणं दिली, तिसऱ्यावर नुसतं बारीक लक्ष ठेवलं. पंधरा वर्षांनंतर तिन्ही गट मिळून या कॅन्सरने गेलेले होते ४५, आणि तिन्ही गटांमधलं अंतर नगण्य होतं. हातावर हात ठेवून बसणं हे इथे अज्ञान नसतं, तो उपचारच असतो, फक्त तो कुणाला द्यायचा हे नेमकं कळायला हवं.

ते कळण्यासाठी एमआरआय. पूर्वी पीएसए चढलं की सोनोग्राफीच्या मदतीने दहाबारा तुकडे अंदाजाने काढत, कारण सोनोग्राफीत ग्रंथी दिसते, गाठ बहुधा दिसत नाही. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ५७६ पुरुषांचा एमआरआयही काढला, नेहमीची बायोप्सीही केली, आणि खरं काय ते ठरवायला ग्रंथीची इंचाइंचाने बायोप्सी केली. धोकादायक कॅन्सरपैकी एमआरआयने ९३ टक्के पकडले, अंदाजाच्या बायोप्सीने ४८ टक्के. म्हणजे आपण ज्याला पक्कं निदान समजत होतो ते निम्म्याहून अधिक वेळा चुकत होतं, आणि ज्यांच्या एमआरआयमध्ये काही नव्हतं अशा चौथ्या हिश्श्याहून अधिक माणसांची सुई टाळता आली असती. पुढच्याच वर्षी ११ देशांत झालेल्या ५०० जणांच्या चाचणीत हे प्रत्यक्ष करून पाहिलं. आधी एमआरआय आणि संशय असेल तरच नेमक्या जागी बायोप्सी, या गटात धोकादायक कॅन्सर ३८ टक्क्यांत सापडला, जुन्या पद्धतीत २६ टक्क्यांत. ज्या निरुपद्रवी कॅन्सरने कुणी मरत नाही पण ज्याच्या नावाने उपचार मात्र होतात, तो पहिल्या गटात ९ टक्के, दुसऱ्यात २२ टक्के. सुपात जोंधळा पाखडताना फोल उडून जातं आणि दाणा मागे राहतो, तसं हे काम. नुसतं फोलपट जपून ठेवणाऱ्याला आपण चांगला पाखडणारा म्हणत नाही.

अडचण येते ती एमआरआय वाचण्यात. प्रोस्टेटच्या एमआरआयला एक ते पाच असे गुण देतात. एक म्हणजे निर्धास्त, पाच म्हणजे दाट संशय. एक आणि पाच ओळखणं तुलनेने सोपं, खरी कसोटी तीनच्या आसपास. एकच चित्र दोन डॉक्टरांना दाखवलं तर गुण वेगळे पडतात, आणि ज्याच्या नजरेखालून अशी शेकडो चित्रं गेली आहेत त्याचं वाचन आणि महिन्यातून दोन बघणाऱ्याचं वाचन यांत फार फरक पडतो. बेळगावात एमआरआयची यंत्रं आहेत. पण मेंदू, मणका, गुडघा यांच्या रांगेतून मध्येच एखादं प्रोस्टेट येतं, ते वाचणाऱ्याला सराव कुठून होणार? एआय इथे उपयोगी पडते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दहा हजारांहून अधिक एमआरआय जमवले, त्यांतल्या बहुतेकांवर एआय शिकवली, आणि मग ४०० चित्रं २० देशांतल्या ६२ रेडिऑलॉजिस्टांपुढे आणि एआयपुढे ठेवली. डॉक्टरांइतकेच कॅन्सर पकडूनही एआयने विनाकारण धोक्याची घंटा वाजवली ती डॉक्टरांच्या जवळजवळ निम्म्या वेळाच. माझ्या मुद्द्याला हाच आकडा महत्त्वाचा. वर्तमानपत्रांनी मात्र मथळा दिला तो एआयने डॉक्टरांना हरवलं असा. त्याच अभ्यासात हेही होतं की प्रत्यक्ष दवाखान्यात, रुग्णाची सगळी माहिती हाताशी असलेल्या डॉक्टरांच्या चमूने केलेल्या वाचनापुढे एआय पुढे गेली नाही, जेमतेम बरोबरीत राहिली. म्हणजे जिथे अनुभवी चमू आहे तिथे तिची भर थोडी, आणि जिथे नाही तिथे मोठी. आता सांगा, ती ॲमस्टरडॅमला जास्त लागते की गोकाकला?

इथे विरोधकांचा सगळ्यात वजनदार आक्षेप येतो, आणि तो मला मान्य आहे. ही एआय ज्या चित्रांवर शिकली ती नेदरलँड्समधल्या पुरुषांची. आपल्याकडचं यंत्र वेगळं, रुग्ण उशिरा येणारे, ग्रंथीला जुनी सूज असलेले, कुणाला क्षयाचा इतिहास. आणि क्षय किंवा जुना संसर्ग एमआरआयमध्ये हुबेहूब कॅन्सरसारखा दिसू शकतो. तिकडे हुशार ठरलेली एआय इकडे फसणार नाही कशावरून? इतिहासही याच बाजूने बोलतो. अमेरिकेत १९९८ मध्ये स्तनांच्या एक्स-रेवर संशयित जागा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला मान्यता मिळाली, २००२ पासून सरकारी विमा त्याचे पैसे देऊ लागला, आणि बघता बघता ते बहुतेक केंद्रांत पोचलं. २०१५ मध्ये तीन लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या तेव्हा निष्पन्न काय? त्याने निदान सुधारलंच नव्हतं. इतकी वर्षं पैसे मोजले गेले ते आधी विकत घेऊन नंतर तपासल्यामुळे.

पण या उदाहरणातून एआय नकोच असा निष्कर्ष काढणं मला चुकीचं वाटतं. निष्कर्ष निघतो तो क्रमाचा: आधी तपासा, मग घ्या. आणि ते तपासणं आपल्याला जमण्यासारखं आहे. बेळगावात १९६३ पासूनचं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा रुग्णालयाला जोडलेली बिम्स ही सरकारी वैद्यकीय संस्था आहे, आणि २०२५ च्या जानेवारीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते केएलई या इथल्या शिक्षणसंस्थेच्या नव्या कॅन्सर रुग्णालयाचं उद्घाटन झालं. शहरातल्या दवाखान्यांनी गेल्या काही वर्षांतले प्रोस्टेटचे एमआरआय बाहेर काढावेत, ज्यांच्या बायोप्सीचे निकाल माहीत आहेत असे. नावं काढून टाकावीत. सॉफ्टवेअरला निकाल न सांगता ते वाचायला द्यावेत, आणि ते किती वेळा बरोबर, किती वेळा चूक, कुठल्या तऱ्हेच्या चुका, हे जाहीर करावं. याला नवं यंत्र लागत नाही, कुणा रुग्णाला धोका नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ मध्ये वैद्यकातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही जबाबदारी माणसाची आणि चाचणी इथल्या लोकांवर हाच सूर आहे. परक्या लोकांवर शिकलेलं यंत्र इथे नको म्हणणारे इथल्या लोकांवर ते तपासायची मागणी का करत नाहीत?

दुसरा आक्षेप याहून बोचरा आहे. आपल्याकडे रुग्ण येतो तो कंबर धरून, म्हणजे कॅन्सर हाडांत गेल्यावर. लघवीचं दुखणं सांगायची लाज, वयाने होतंच हे असा समज, गावातल्या दुकानातून आणलेल्या गोळ्या. अशा माणसाला एआयचा काय उपयोग? खरं आहे, काही नाही. त्याला लागतात वेदनाशमन, हार्मोनचे उपचार, आणि घरापासून फार लांब नसलेला डॉक्टर. पुरुष हार्मोन बंद केले की हा कॅन्सर मागे हटतो हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं, त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळालं, आणि आजही पसरलेल्या रोगाच्या उपचारांचा पाया तोच आहे. ते स्वस्तात करता येतं. त्यातला एक रुपयाही एआयकडे वळवा असं मी म्हणणार नाही. पण माणसं उशिरा का येतात, याचं निम्मं उत्तर लाजेत असेल तर निम्मं भीतीत आहे. पीएसए केलं की सुई, सुई झाली की ऑपरेशन, ऑपरेशन झालं की डायपर, अशी साखळी लोकांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बाबतीत पाहिलेली असते. बायोप्सीनंतर ताप येऊन पुन्हा भरती झालेला कुणीतरी प्रत्येकाच्या ओळखीत असतो. गुदमार्गातून घेतलेल्या बायोप्सीत संसर्गाचा धोका असतो, आणि औषधांना न जुमानणारे जंतू आपल्याकडे फार. ही साखळी पहिल्याच कडीला तुटू शकते, बहुतेकांना सुई लागणारच नाही, हे एकदा गावात दिसलं तर माणसं लवकर येतील. मामांसारखी माणसं घाबरतात ती आजाराला कमी आणि त्या साखळीला जास्त.

आणि आधी खाटा, मग एआय, हे म्हणणं? ते ऐकायला न्याय्य वाटतं, पण इतिहास तसा चालत नाही. टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो आज सकाळी फिरायला जायची जागा म्हणून सगळ्यांना माहीत आहे. तिथे एके काळी देवीची लस तयार होत असे. हिंदुस्थानात देवीची पहिली लस १८०२ मध्ये मुंबईत टोचली गेली. आणि देवीचा इथला शेवटचा रुग्ण १९७५ चा. लस हातात असताना पावणेदोनशे वर्षं का लागली? १९६२ पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत कोट्यवधी लोकांना टोचलं तरी साथी येतच राहिल्या. फरक पडला तो १९७० नंतर, जेव्हा सगळ्यांना सरसकट टोचण्याऐवजी रुग्ण कुठे आहे ते घरोघर जाऊन शोधायचं, त्याच्या भोवतीचं वर्तुळ आवळायचं आणि तिथेच लस वापरायची असं ठरलं. साधन तेच होतं, वापराची जागा बदलली. रस्ते, दवाखाने, खाटा सगळं पुरेसं झाल्यावर देवी हटवू असं कुणी म्हणालं असतं तर? क्षयाचंही तसंच. छातीचा एक्स-रे वाचणारी एआय क्षयाच्या शोधात वापरावी अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली, आणि ती माणसाच्या वाचनाच्या जागी, म्हणजे जिथे रेडिऑलॉजिस्ट नाही तिथेही चालेल, अशी. साधनांची चणचण हे एआय न आणण्याचं कारण नसून ती विचारपूर्वक आणण्याचं कारण आहे. खर्चाचीही एक गोष्ट इथे सांगतो, कारण ती फारशी कुणाला माहीत नसते. पूर्वी या एमआरआयसाठी शिरेतून गॅडोलिनियम, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून द्यायचं इंजेक्शन, देत आणि तपासणीला अर्धा-पाऊण तास लागे. २०२५ मध्ये १२ देशांतल्या ४९० जणांवरच्या चाचणीत दिसलं की इंजेक्शनाशिवाय, साधारण निम्म्या वेळात काढलेला एमआरआय धोकादायक कॅन्सर तितकेच पकडतो, दोन्हीकडे सुमारे २९ टक्के पुरुषांत. चित्रं चांगली निघायला हवीत ही अट मात्र आहे. म्हणजे त्याच यंत्रावर दिवसाला जास्त माणसं होऊ शकतात, आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला इंजेक्शनाची धास्ती नको.

आता पहिल्या तटाकडे वळतो, कारण मला खरी भीती त्यांची वाटते. सगळ्यांची तपासणी करून टाका म्हणणारे चांगले लोक आहेत, शिबिरं भरवतात, पदरचे पैसे घालतात. पण दक्षिण कोरियात काय झालं ते त्यांनी वाचावं. १९९९ मध्ये तिथे राष्ट्रीय कॅन्सर तपासणी सुरू झाली, आणि दवाखान्यांनी थोड्या जास्तीच्या पैशात गळ्याची सोनोग्राफीही देऊ केली. थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण २०११ पर्यंत १९९३ च्या पंधरापट झालं. मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. हजारो धडधाकट माणसांची ग्रंथी काढली गेली आणि त्यांना जन्मभराच्या गोळ्या लागल्या. यंत्र खोटं बोललं नव्हतं, गळ्यात गाठी होत्याच; पण शोधायची गरज नसलेल्या गोष्टी शोधल्या की त्या काढायची गरज आपोआप निर्माण होते. प्रोस्टेटमध्ये हा धोका आणखी मोठा, कारण म्हातारपणी दुसऱ्याच कारणाने गेलेल्या कितीतरी पुरुषांच्या ग्रंथीत शवविच्छेदनात कॅन्सरच्या पेशी सापडतात. मंडपात रांगेने पीएसए करायचं, त्यावर एआयचा शिक्का मारायचा, आणि चढलेल्या आकड्यांची यादी शेजारच्या दवाखान्याच्या हाती द्यायची, याला माझा विरोध आहे. चांगलं यंत्र वाईट हेतूच्या हाती पडलं की काय होतं हे महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांनीही सोनोग्राफीच्या बाबतीत पाहिलं. गर्भातल्या बाळाचं आरोग्य बघायला आलेल्या यंत्राने मुलींचा जीव घेतला, आणि मग महाराष्ट्राला १९८८ मध्ये आणि केंद्राला १९९४ मध्ये कायदा करावा लागला. तेव्हा आपण उशिरा जागे झालो. एआयच्या बाबतीत नियम आधी हवेत: लक्षणं नसलेल्या माणसाची पीएसए तपासणी त्याच्याशी नीट बोलल्याशिवाय नको, एमआरआयशिवाय बायोप्सी नको, आणि एआयचा रिपोर्ट डॉक्टरच्या सहीशिवाय रुग्णाच्या हातात नको.

सही कुणाची, हा प्रश्न सीमाभागात जास्तच टोकदार होतो. इथला रुग्ण रक्त तपासतो निपाणीत, एमआरआय काढतो बेळगावात, दुसरं मत घ्यायला जातो कोल्हापूर-मिरजेला, कधी गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात. मिरजेला वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये दवाखाना उभारला तेव्हापासून ही ये-जा आहे आणि ती थांबणार नाही, थांबू पण नये. पण प्रत्येक ठिकाणी फाइल नव्याने उघडते. मागच्या वर्षीचा एमआरआय असतो प्लॅस्टिकच्या पिशवीत, सीडी तिसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडत नाही, आणि बायोप्सीनंतर काढलेल्या एमआरआयमध्ये रक्तस्रावाच्या खुणांनी चित्र गढूळ होतं ते वेगळंच. एआयचा मोठा फायदा जुन्या चित्राशी नवं चित्र ताडून पाहण्यात आहे. जुनं चित्रच हाती नसेल तर तिला तरी काय दिसणार? ज्या रुग्णावर नुसतं लक्ष ठेवायचं ठरलं आहे त्याचा तर सगळा जीव या जुन्या नोंदींत अडकलेला असतो. शिवाय संमतिपत्र. कन्नड आणि इंग्रजीत छापलेल्या कागदावर मराठी माणसाचा अंगठा घेतला जातो. पलीकडे गेलेल्या कन्नड माणसाच्या बाबतीत मराठी कागदावर तेच होतं. तुमचं चित्र कॉम्प्युटर वाचणार आहे, ते साठवलं जाईल, कदाचित कंपनी त्यावर पुढचं सॉफ्टवेअर शिकवेल, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितल्याशिवाय घेतलेली संमती ही संमती कशी? विदा, म्हणजे डेटा, संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि त्यात संमती स्पष्ट आणि समजून दिलेली हवी असं म्हटलं आहे. खानापूरच्या शेतकऱ्याच्या शरीराची चित्रं ही फुकट मिळणारी कच्ची सामग्री नव्हे. त्यांच्यावर कुणी सॉफ्टवेअर सुधारलं तर ते इथल्या जिल्हा रुग्णालयाला विनामूल्य मिळालं पाहिजे, ही अट करारात आज घालता येईल, पाच वर्षांनी नाही.

शेवटी पैशांचं. २०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला, तेव्हा कर्नाटकाने त्याला जोरदार हरकत घेतली, आणि महिनोन्‌महिने चर्चा झाली ती कुणाचं कार्ड आणि कुणाचा अधिकार यावर. इकडे आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक आहेच. पण दोन्ही बाजूंच्या योजनांत एक गोष्ट सारखी आहे आणि तिच्यावर कुणी बोलत नाही: त्या मुळात दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आखल्या आहेत. ऑपरेशन केलं तर पैसे मिळतात. ऑपरेशनची गरज नाही हे ज्या एमआरआयने ठरेल, तो दाखल न होता काढला तर त्याचा भार बहुधा रुग्णाच्या खिशावर. मग दवाखाना काय निवडेल, आणि गरीब रुग्ण काय निवडेल? ज्या व्यवस्थेत हात लावल्याचे पैसे मिळतात आणि हात न लावल्याचे मिळत नाहीत, तिथे एआय कितीही शहाणी असली तरी तिचा सल्ला ऐकला जाणार नाही. जगात प्रोस्टेट कॅन्सरचे नवे रुग्ण २०२० मध्ये १४ लाख होते, २०४० पर्यंत ते २९ लाख होतील असा अंदाज २०२४ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने मांडला, आणि ही वाढ मुख्यतः आपल्यासारख्या देशांत होणार आहे, कारण आपली माणसं आता जास्त जगतात. बेळगाव आणि मुंबई-बेंगळुरूच्या आरोग्य खात्यांकडे मागायचं असेल तर आज हेच मागावं: पीएसए दोनदा तपासूनही चढलेलं असलेल्या रुग्णाचा इंजेक्शनाशिवायचा एमआरआय, दाखल न होता, योजनेच्या कार्डावर, आणि एमआरआय स्वच्छ निघाला तर पुढची पीएसए तपासणी गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, तारीख नोंदवून. कार्ड कुठल्या सरकारचं आहे हे त्यानंतर भांडावं.